भारतीयांचा मेटाबॉलिझम खरंच ‘स्लो’ असतो का?

मुंबईतल्या अनेक जिममध्ये आता वजनकाट्यासारखं दिसणारं एक यंत्र असतं. अनवाणी उभं राहायचं, दोन्ही हातांत दांडे धरायचे, मिनिटभर हलायचं नाही. मग एक चिठ्ठी बाहेर येते. तिच्यावर वजन, चरबी, स्नायू आणि खाली कुठेतरी ‘बीएमआर’ नावाचा बाराशे-तेराशेच्या घरातला एक आकडा. ट्रेनर त्याखाली रेघ ओढतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो, ‘‘मॅडम, मेटाबॉलिझम स्लो आहे तुमचा. इंडियन लोकांचा असतोच.’’ २०२५ साली मौंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात विकायला आली, आणि हे वाक्य जिममधून निघून लग्नाच्या पंगतीपर्यंत पोचलं. गोऱ्यांचं शरीर पडल्या पडल्या जास्त जाळतं, आपलं कमी. मग चालून-धावून उपयोग काय?

या बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि बराच गोंधळ आहे. पाश्चात्त्य सूत्रं सांगतात त्यापेक्षा भारतीयांचा विश्रांतीतला खर्च कमी भरतो, हे नव्वदेक वर्षांपासून प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे. तेवढं तथ्य. गोंधळ आहे तो कारणाबद्दल.

स्वस्थ पडून राहायलाही खर्च येतो

मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत प्रत्येक फ्लॅटच्या मीटरशिवाय एक कॉमन मीटर असतो. मे महिन्यात निम्मी बिल्डिंग गावाला गेली तरी तो फिरतच राहतो. पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे, गेटवरचा कॅमेरा यांना सुट्टी नसते. शरीरालाही असा कॉमन मीटर आहे. तुम्ही बोटही हलवलं नाही तरी हृदय धडधडत असतं, मूत्रपिंडं रक्त गाळत असतात, यकृत कामाला जुंपलेलं असतं, मेंदू तर झोपेतही खात असतो. त्याचा चोवीस तासांचा खर्च म्हणजे बीएमआर. बैठं काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या एकूण खर्चात याचाच वाटा सगळ्यात मोठा, साधारण साठ टक्के.

काटेकोर बीएमआर मोजायचा तर रात्रभर उपाशी, सकाळी जागं पण निश्चल, ना थंडी ना उकाडा अशा खोलीत आडवं असावं लागतं. या अटी जरा सैल केल्या की जो आकडा येतो तो थोडा जास्त असतो आणि त्याचं नाव वेगळं आहे. आपल्या कामापुरता तो फरक सोडून देऊ, दोन्हींना बीएमआरच म्हणू. कॅलरी हा शब्दही रोजच्या वापरातल्याच अर्थाने घेतला आहे.

मोजायची पद्धत जुनी आहे. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या अंगातल्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वसन म्हणजे एक संथ ज्वलन आहे, हे त्यातून पुढे आलं. आज बर्फ लागत नाही. डोक्यावर पारदर्शक झाकण ठेवून माणूस किती प्राणवायू आत घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो ते मोजतात. एक लिटर प्राणवायू वापरला की जवळपास पाच कॅलरी खर्च झाल्या, असा हिशोब. थायरॉइडच्या रक्तचाचण्या नव्हत्या तेव्हा डॉक्टर याच मोजणीवरून थायरॉइडचा आजार ओळखत.

जिममधलं यंत्र यातलं काहीच करत नाही. ते शरीरातून अगदी सौम्य वीज सोडून अंगात पाणी किती ते अजमावतं, त्यावरून स्नायू आणि चरबीचा अंदाज बांधतं, आणि त्या अंदाजावर सूत्र चालवून बीएमआर छापतं. अंदाजावरचा अंदाज, पण छापला जातो अगदी शेवटच्या कॅलरीपर्यंत!

सूत्रं कुणाच्या अंगावर बेतली?

समजा डोंबिवलीची एक बाई आहे. वय ४०, वजन ६० किलो, उंची १५५ सेंटिमीटर. तिचा बीएमआर चार प्रचलित सूत्रांनी काढून बघू. १९१९चं हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र सांगतं १३२९. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटना यांनी १९८५ साली स्वीकारलेलं सूत्र सांगतं १३५१. जेया हेन्री यांचं २००५चं ऑक्सफर्ड सूत्र १२७८. आणि सध्या बहुतेक मोबाइल ॲपमध्ये चालणारं १९९०चं मिफ्लिन सूत्र १२०८. बाई जागची हलली नाही, आणि उत्तरांमध्ये १४३ कॅलरींचं अंतर पडलं.

हॅरिस आणि बेनेडिक्ट यांच्या सूत्रामागे १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया होत्या, सगळे शतकापूर्वीचे अमेरिकन. मिफ्लिनचे ४९८ जण नेवाडातले, म्हणजे तेही अमेरिकनच. तरी दोन्ही सूत्रांच्या उत्तरांत सव्वाशे कॅलरींचा फरक आहे. ट्रेनरने चिठ्ठीवर बोट ठेवण्याआधी एवढं तरी लक्षात घ्यायला हवं: वंश मध्ये न येताही सूत्रं एकमेकांशी भांडतात.

१९८५च्या सूत्राची कथा तर ऐकण्यासारखी आहे. जगभर वापरण्यासाठी बनलेल्या या सूत्रामागे ७,१७३ मोजण्या होत्या आणि त्यांतल्या ३,३८८ इटालियन लोकांच्या होत्या, म्हणजे जवळपास निम्म्या. त्यांतही तरुण सैनिक-पोलिसांचा भरणा. हे इटालियन इतर युरोपीयांच्या तुलनेतही किलोमागे जास्त खर्च करणारे निघाले. उष्ण प्रदेशातली माणसं त्या ढिगात मूठभर होती. अशा मापाने शिवलेला सदरा डोंबिवलीच्या बाईला ढगळ झाला तर दोष बाईचा कसा? हेन्री यांनी पुढे इटालियन मोजण्या बाजूला काढल्या, उष्ण कटिबंधातल्या ४,०१८ मोजण्या घेतल्या आणि १०,५५२ आकड्यांवर नवं सूत्र मांडलं. ते जुन्यापेक्षा कमी उत्तर देतं, हे वर दिसलंच.

मद्रास, परळ आणि ‘वंशाचा घटक’

त्याच बेनेडिक्ट यांना पुढे वेगवेगळ्या लोकसमूहांत चयापचय वेगळा असतो का, या प्रश्नाने झपाटलं. मेक्सिकोतल्या युकातान भागातल्या माया लोकांचा बीएमआर अमेरिकन मापापेक्षा जास्त भरला. मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवणाऱ्या एलिनॉर मेसन यांच्याबरोबर त्यांनी दक्षिण भारतीय स्त्रियांची मोजणी १९३१ साली प्रसिद्ध केली. तिथे तो बराच कमी भरला. त्याच दशकात आपल्या परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिब सिंग सोखी यांच्याकडेही मुंबईकरांच्या बीएमआरच्या मोजण्या झाल्या.

मला या साखळीत सगळ्यात मोलाचा वाटतो तो मेसन आणि सहकाऱ्यांचा १९६४चा अभ्यास. तो मुंबईत झाला. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या भारतीय आणि युरोपीय स्त्रिया त्यांनी घेतल्या, आणि नुसता बीएमआर न मोजता शरीराची घडणही मोजली. माणूस किती खर्च करतो याबरोबर तो कशाचा बनला आहे हेही विचारायचं, ही पुढच्या सगळ्या संशोधनाची किल्ली ठरली.

दरम्यान फरक आहे यावर एकमत होत गेलं. हेन्री आणि रीस यांनी १९९१ साली दाखवलं की १९८५चं सूत्र उष्ण प्रदेशातल्या लोकांचा बीएमआर सरासरी आठेक टक्के फुगवून सांगतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, आपल्या आहार-तक्त्यांसाठी त्या सूत्राच्या उत्तरातून सरळ पाच टक्के कापले.

पंप छोटा, बिल मोठं

आता कॉमन मीटरचं झाकण उघडून आत बघू. कुठला अवयव किती खातो? हृदय आणि मूत्रपिंडं दर किलोला दिवसाकाठी साधारण ४४० कॅलरी घेतात, मेंदू २४०, यकृत २००. विश्रांतीत असलेला स्नायू दर किलोला फक्त १३. आणि चरबी साडेचार. सोसायटीतल्या कुलूपबंद फ्लॅटसारखी: जागा व्यापते, विजेला जवळपास हात लावत नाही. सत्तर किलोच्या माणसात मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडं मिळून वजनाच्या सहा टक्क्यांहूनही कमी भरतात, पण विश्रांतीतल्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा त्यांचाच.

म्हणजे वजनकाटा दोन माणसांना सारखं म्हणेल, पण आतला ऐवज वेगळा असेल तर बीएमआर वेगळा येणार. याचं गाजलेलं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टर मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक: २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. शर्ट घातलेले दोघे सारखेच सडपातळ.

याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५. हा फरक अंगभर सारखा पसरलेला नव्हता. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पोटातल्या अवयवांचा आकार दर्शवणारा पोटाचा घेर फारच कमी होता, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. वरच्या आकड्यांशी हे जोडून पाहा. जे भाग भरपूर खातात ते लहान आणि जो भाग जेमतेम खातो तो शाबूत, अशी घडण गर्भातच सुरू होते.

इथे जिमवाल्यांच्या एका लाडक्या समजुतीचाही हिशोब होऊन जाऊ दे. ‘स्नायू वाढवा, झोपेतही कॅलरी जळतील.’ जळतील, पण किती? दोन किलो स्नायू कमवायला नवशिक्याला कित्येक महिने घाम गाळावा लागतो आणि त्याचं विश्रांतीतलं उत्पन्न दिवसाला २६ कॅलरी. वजनं उचलायची ती साखर आटोक्यात ठेवायला, हाडांसाठी, म्हातारपणी जिना चढता यावा म्हणून. बीएमआरसाठी कुणी उचलत असेल तर सौदा तोट्याचा आहे.

घडण जमेस धरल्यावर काय उरतं?

बेंगळुरू आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९८ साली दोन्ही देशांतल्या मोजण्या समोरासमोर ठेवल्या. कच्च्या आकड्यांत भारतीय कमी होते. चरबी किती आणि चरबी सोडून बाकीचं वजन किती, हे हिशोबात घेताच फरक मावळला. वंशाचा परिणाम असल्याचा पुरावा सापडत नाही, असंच त्यांनी शीर्षकात लिहिलं. नेदरलँड्समध्ये २००८ साली आशियाई आणि युरोपीय लोकांची अशीच तुलना झाली, निष्कर्ष तोच.

अमेरिकेतलं कोडं जरा अवघड होतं. तिथल्या कृष्णवर्णीयांचा बीएमआर गोऱ्यांपेक्षा कमी भरतो, आणि चरबी व चरबीविरहित वजन जुळवून घेतल्यावरही फरक पुरता जात नव्हता. त्यामुळे ‘म्हणजे रक्तातच काहीतरी आहे’ म्हणणाऱ्यांना आधार मिळत होता. २००६ साली डिम्ना गॅलाघर आणि सहकाऱ्यांनी एमआरआयने अवयवच मोजले. जास्त खाणारे अवयव कृष्णवर्णीय गटात सरासरी थोडे लहान निघाले. तेवढं लक्षात घेतल्यावर उरलेला फरकही गेला. चरबीविरहित वजन ही एकच रक्कम धरली तर तिच्यात १३ कॅलरींचा स्नायू आणि ४४० कॅलरींचं हृदय एकाच भावाने मोजलं जातं, तिथे हिशोब चुकत होता.

‘दर किलोला काढून बघा ना!’

ही शंका हमखास येते. वजन वेगवेगळं असेल तर बीएमआरला वजनाने भागलं की तुलना रास्त होईल, असं वाटतं. होत नाही. वीजबिलावर ‘स्थिर आकार’ असतो ना, युनिट कितीही जळोत, तो भरावाच लागतो? बीएमआरच्या सूत्रांतही तसा एक ठोक आकडा असतो, कारण मेंदूसारखे अवयव वजनाबरोबर फारसे वाढत नाहीत. ऑक्सफर्ड सूत्रात ३० ते ६० वयाच्या स्त्रियांसाठी तो ६९४ आहे, त्यावर दर किलोला ९.७४.

४५ किलोच्या बाईचा बीएमआर या सूत्राने ११३२ येतो, म्हणजे दर किलोला २५. पंचाहत्तर किलोच्या बाईचा १४२५, दर किलोला १९. भागाकार केला की जाडी बाई ‘स्लो’ आणि बारकी ‘फास्ट’ दिसते. प्रत्यक्षात दोघींना एकच सूत्र लावलं आहे आणि जाड बाईचं शरीर दिवसाला जवळपास तीनशे कॅलरी जास्त जाळतं आहे. ‘मेटाबॉलिझम मंद म्हणून मी जाड’ या तक्रारीला इथेच खीळ बसते. उलट किरकोळ अंगाच्या समूहांचा बीएमआर किलोमागे काढला तर तेच जास्त ‘फास्ट’ ठरतात. भागाकार कसा करायचा यावरून वंश उंचावतो किंवा घसरतो, तर तो वंशाचा गुण नव्हे.

हवामानाचं काय?

याचं उत्तर मात्र पूर्णपणे ‘काही नाही’ असं देता येत नाही. सायबेरियातले एव्हेंकी आणि याकूत हे मूळचे रहिवासी मोजले, तर त्यांचा बीएमआर सूत्रांच्या अंदाजापेक्षा ठळकपणे जास्त येतो, आणि शरीराची घडण जमेस धरूनही जास्तच राहतो. कडाक्याच्या थंडीत थायरॉइडची संप्रेरकं जास्त वापरली जातात, हे त्यामागचं एक कारण. आहारातली प्रथिनं, कष्टाचं जिणं यांचाही हातभार असू शकतो. किती भाग पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीचा आणि किती त्या त्या हिवाळ्याचा, हे वेगळं काढणं कठीण आहे. पण सायबेरिया हे टोक आहे. विक्रोळी आणि व्हँकूव्हर यांच्यातला फरक समजावायला ते उदाहरण ताणू नये.

‘तरी जनुकं असतीलच की’

असणारच. स्कॉटलंडमध्ये १५० प्रौढांवर झालेल्या २००५च्या अभ्यासात बीएमआरमधल्या फरकांपैकी ६३ टक्के वाटा चरबीविरहित वजनाचा निघाला, चरबीचा सहा, वयाचा दोन. चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग कशानेच उलगडला नाही. जनुकं तिथे कुठेतरी आहेत, अवयवांचे आकार आहेत, थायरॉइड आहे. पण लक्षात घ्या, हा न उलगडलेला भाग एकाच प्रदेशातल्या माणसा-माणसांतला आहे. सारखं वजन, सारखी चरबी असलेल्या दोन मैत्रिणींच्या बीएमआरमध्ये शंभर-दीडशे कॅलरींचा फरक सहज असू शकतो. घडण जमेस धरल्यावर समूहा-समूहांत जे काही उरतं ते यापुढे किरकोळ आहे.

शिवाय ‘भारतीय’ हा गट तरी कुठला? वरळीचा कोळी, भेंडीबाजारातला बोहरा, माटुंग्याचा तमिळ आणि दादरच्या कॉलनीतला पारशी यांना एका चौकटीत कोंबून तिला जीवशास्त्र म्हणणं धाडसाचंच आहे. वैद्यकाने हा धडा दुसरीकडे नुकताच घेतला. मूत्रपिंडाचं काम रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढायच्या अमेरिकन सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांची मूत्रपिंडं कागदावर होती त्यापेक्षा ठणठणीत दिसत आणि उपचार लांबत. २०२१ साली तो गुणक काढून टाकायची शिफारस झाली.

आयसीएमआरचे पाच टक्के मग काय आहेत? माझ्या मते ती वंशाची पाटी नाही, परक्या मापाची दुरुस्ती आहे. अवयव मोजायची सोय घरोघरी नाही, तोवर अशी दुरुस्ती कामाला येते. फक्त तिला नशीब समजू नये.

मग वजन वाढतं कशाने?

परदेशी सूत्राने डोंबिवलीच्या बाईला बीएमआर १३५१ सांगितला आणि खरा पाच टक्क्यांनी कमी, म्हणजे १२८३ असला, तर चूक ६८ कॅलरींची. बैठ्या दिवसाचा एकूण हिशोब करताना ती शंभराच्या आसपास जाते, एखादी मध्यम पोळी. आहारतज्ज्ञाने तक्ता आखताना सांभाळावी एवढी ही चूक नक्कीच आहे. पण चाळिशीपर्यंत वीस किलो का चढले, याचं उत्तर तिच्यात शोधणं जरा जास्तच झालं.

कमी बीएमआर असणाऱ्यांचंच वजन पुढे वाढतं का, हे लोकांना वर्षानुवर्षं पाहून तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या पिमा आदिवासींमध्ये १९८८ साली तसं दिसलं होतं. नायजेरियातल्या आणि शिकागोजवळच्या कृष्णवर्णीय स्त्रियांवर २००९ साली आलेल्या अभ्यासात दिसलं नाही: कोण किती खर्च करते यावरून कुणाचं वजन वाढेल हे सांगता आलं नाही. ‘वय झालं, मेटाबॉलिझम मंदावला’ हेही तसंच. २०२१ साली ६,४२१ लोकांच्या मोजण्या एकत्र करून हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली तर विशीपासून साठीपर्यंत खर्चाची रेघ जवळपास सपाट आहे. आणि ती महागडी इंजेक्शनं? ती मुख्यतः भूक कमी करतात. कॉमन मीटर वेगाने फिरवून त्यांचं काम चालत नाही.

भारतीय अंगाची खरी अडचण खर्चाच्या वेगात नसून ऐवजात आहे. कमी वजनावरही चरबी जास्त, त्यातही पोटाभोवतीची, आणि म्हणून मधुमेह लवकर. आपल्याकडे बीएमआय २३ला जास्त वजन आणि २५ला लठ्ठपणा धरतात, युरोपीयांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०च्या आत. ते मोजायला शिंप्याकडची टेप पुरते, पण तिच्यातून चिठ्ठी बाहेर येत नाही म्हणून बहुधा तिला मान नाही.

‘आपल्याला कमी पुरतं’ म्हणण्यातला धोका

जिमच्या बाहेर हा आकडा फार गंभीर जागी वापरला जातो. देशाला किती धान्य लागेल, उपाशी कोण, गरीब कोण, हे ठरवताना माणशी किती कॅलरी लागतात ते आधी ठरवावं लागतं, आणि त्या गणिताचा पाया बीएमआर असतो. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचा अंदाज बांधला तो माणशी रोज २२५० कॅलरी धरून. पुढे नियोजन आयोगाच्या गटाने १९७९ साली खेड्यात २४०० आणि शहरात २१०० असे आकडे घेतले.

यावर पुण्यातच मोठा वाद झाला. अन्न-कृषी संघटनेत अनेक वर्षं काढून परतलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले, सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरणं चूक आहे. एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, शरीर कमी अन्नात खर्च जुळवून घेतं. रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढायला हवी. तशी ओढली की कुपोषितांची संख्या झपाट्याने घटते. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला. संख्याशास्त्राचा मुद्दा म्हणून सुखात्म्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. गरजा माणसागणिक वेगळ्या असतातच. प्रश्न ‘जुळवून घेतं’ म्हणजे नेमकं काय, हा होता.

त्याचं उत्तर मोजमापातून आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात ३६ स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं. त्यांचं वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरलं, बीएमआर जवळपास चाळीस टक्क्यांनी. शरीराने जुळवून घेतलं, हे खरं. पण माणसं सतत कुडकुडत होती, कशातच मन रमत नव्हतं, अन्नाशिवाय दुसरा विचार नव्हता. आणि बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रकाश शेट्टी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिलेले मजूर मोजले, तेव्हा त्यांचा एकूण बीएमआर कमी निघाला, पण किलोमागे उलट जास्त. स्नायू झिजले होते, मेंदू-यकृत त्या मानाने टिकून होते. कमी इंधनात जास्त पल्ला मारणारं काटकसरी इंजिन त्यांच्यात सापडलं नाही. शरीर लहान झालं होतं, इतकंच. अशा माणसाचा आजचा बीएमआर मोजून त्यावरून त्याची भूक ठरवली, तर उपासमारीनेच उपासमारीचं माप ठरवल्यासारखं होतं.

म्हणून तक्ता करताना कुठलं शरीर धरायचं हा निर्णय सूत्राइतकाच महत्त्वाचा. आयसीएमआरच्या २०१०च्या तक्त्यात प्रमाण पुरुष ६० किलोचा होता, २०२०च्या तक्त्यात तो ६५ किलोचा झाला. आज सरासरी आहे ते वजन न घेता असायला हवं ते घेतलं. वजन वाढवूनही बैठ्या पुरुषाची रोजची गरज २३२० वरून २११० कॅलरींवर आली, कारण खुर्चीतल्या दिवसासाठी बीएमआरला ज्याने गुणतात तो आकडा १.५३ वरून १.४ वर उतरला, आणि बीएमआरचा अंदाजही आणखी खाली आला. कष्टकरी पुरुषाची रक्कम मात्र ३४९० ची ३४७० झाली. वाशीच्या मार्केटात पाठीवरून गोण्या वाहणाऱ्या माथाडीच्या बाबतीत दहा वर्षांत हलल्या त्या वीस कॅलरी.